क्लच गेला, दोष कुणाचा?

नवी गाडी घरात आली की तिच्यासोबत एक भरवसाही येतो. टायर पंक्चर होईल, बॅटरी उतरेल, बाजारात कुणी ओरखडा काढील, एवढे आपण धरून चालतो. इंजिन, गिअर, क्लच यांची मात्र चार-पाच वर्षे तरी काळजी नाही, असे सर्वांनाच वाटते आणि बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ते खरेही ठरते. एखाद्या गाडीच्या बाबतीत ते खरे ठरत नाही. मग एक वेगळाच प्रकार पाहायला मिळतो. जुनी गाडी बिघडली तर लोक गाडीला नावे ठेवतात. नवी बिघडली तर चालवणाऱ्याला. आणि घरात गाडी चालवणारी बाई असेल, तर मग विचारायलाच नको.

या महिन्यात हाच विषय घेतला आहे, कारण गेल्या हिवाळ्यात आमच्या घराने त्याचा पुरेपूर अनुभव घेतला. अनुभव आमचा असला तरी त्यातून हाती आलेली माहिती गाडी असलेल्या कोणत्याही घराला उपयोगी पडेल, म्हणून ती जरा तपशिलाने देत आहोत.

आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. हप्त्यांवर गाडी घ्यायची नाही, हे घरात पहिल्यापासून ठरलेले होते. दोन बीसी, अब्बांनी निवृत्तीच्या रकमेतून घातलेला वाटा आणि पाच-सहा वर्षांची काटकसर यांतून रोखीने एक लहान पेट्रोल गाडी घेतली. तिला अकरा महिने झाले होते, मीटरवर ९,४०० किलोमीटर होते आणि तोवरची मोफत सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेली होती. चिपळूणला नात्यातले लग्न आटोपून आम्ही पाच जण कराडकडे परत निघालो. पोफळी मागे टाकली की कुंभार्ली घाटाची चढण लागते. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर इंजिनाचा आवाज एकदम वाढला, वेग मात्र कमी होत गेला. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडे, गाडी पुढे सरकत नसे. पाठोपाठ जळका, उग्र वास आला. पुढे थोडी रुंद जागा दिसली, तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले.

अशा वेळी पहिली काळजी माणसांची. धोक्याचे चारही दिवे लावले, हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले. लाल त्रिकोण मागच्या वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवला, म्हणजे खालून येणाऱ्या ट्रकला वळण घेण्याआधीच तो दिसावा. अम्मी, अब्बा आणि मुलगी यांना गाडीतून उतरवून डोंगराच्या बाजूला, रस्त्यापासून दूर बसवले. घाटात बंद पडलेल्या गाडीत बसून राहणे हे बिघाडापेक्षा जास्त धोक्याचे असते.

थोड्या वेळाने मोटारसायकलवरून जाणारा एक गॅरेजवाला आपणहून थांबला. त्याने खिडकीतून वाकून वास घेतला, गाडी केव्हाची ते विचारले आणि म्हणाला, ‘‘क्लच स्लिप मारतोय, मास्तर. पण गाडी वॉरंटीत आहे, मी हात लावत नाही. मी खोलली तर उद्या ते माझ्यावर ढकलतील आणि तुमचं काम अडकेल. कंपनीचीच गाडी बोलवा.’’ त्या जागी मोबाइलला रेंज नव्हती. आमच्यापैकी एकाला मागे बसवून तो खाली रेंज मिळेल तिथपर्यंत घेऊन गेला आणि परत आणून सोडले. पैसे विचारले तर हसून निघून गेला. मदतीची गाडी पावणेतीन तासांनी आली. आमची गाडी तिच्यावर चढवून जवळच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली आणि आम्ही साडेतीन हजार रुपये देऊन टॅक्सीने घरी आलो.

क्लच म्हणजे काय आणि तो जातो कसा

पुढचे समजण्यासाठी क्लचचे काम थोडक्यात पाहू. इंजिन सुरू असेपर्यंत फिरतच असते, चाके मात्र कधी थांबवावी लागतात, कधी फिरवावी लागतात. इंजिनाची फिरकी चाकांपर्यंत जोडणारा आणि तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनाला एक जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यासमोर स्प्रिंगच्या जोरावर दाब देणारी प्रेशर प्लेट असते. या दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना ब्रेकच्या लायनरसारखे खरखरीत अस्तर असते. दोन तळहातांमध्ये एखादी ताटली घट्ट दाबून धरावी, तशी ही प्लेट दाबून धरलेली असते. तळहात फिरले की ताटलीही फिरते आणि गिअरबॉक्समार्फत चाके फिरू लागतात.

आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटची पकड सैल होते आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. पेडल सोडले की पकड पुन्हा बसते. या दोन अवस्थांच्या मधली, अर्धवट पकडीची अवस्था म्हणजे हाफ क्लच. त्या वेळी प्लेट घासत फिरते आणि तापते. गाडी जागेवरून उचलताना क्षणभर हे व्हायचेच, त्याशिवाय गाडी झटका न देता निघणार नाही. पण चढणीवर हँडब्रेक न लावता गाडी हाफ क्लचवर तोलून धरणे किंवा चालताना डावा पाय सतत पेडलवर टेकवून ठेवणे, अशा सवयींनी अस्तर लवकर झिजते. बरी सवय असेल तर लहान गाडीचा क्लच साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर चालतो.

क्लच जाण्याचे कारण मात्र झीज हे एकटेच नसते. इंजिनाच्या मागच्या टोकाला किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टला ऑइल सील असते. ते गळू लागले की ऑइल प्लेटवर येते आणि तिची पकड जाते. कधी प्लेटच्याच स्प्रिंग तुटतात, रिव्हेट सुटतात किंवा अस्तर उखडते. कधी प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो. क्लच केबलवर चालणारा असेल आणि केबल जास्त ताणून बसवली असेल, तर पेडलला हात न लावताही पकड थोडी सैलच राहते. क्लच हायड्रॉलिक असेल आणि फ्लुइड गळत असेल, तर याच्या उलट घडते. पेडल तळाला जाऊन बसते, पकड सुटत नाही आणि गिअर पडत नाही. हा बिघाड पुष्कळदा कमी खर्चाचा असतो, गिअरबॉक्स न उतरवताही दुरुस्त होऊ शकतो. म्हणून ‘क्लच गेला’ एवढेच न सांगता, इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, की पेडल दाबूनही गिअर पडत नाही, हे नीट सांगावे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्लेट कोणत्याही कारणाने घसरली तरी ती घासणार, तापणार आणि वास येणार. सवयीने झिजलेली असो की ऑइलने भिजलेली, वास जळकाच येतो. वास हा परिणाम आहे. त्यावरून क्लच घसरला एवढे कळते. का घसरला ते कळत नाही.

‘मॅडम चालवतात का?’

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्कशॉपमध्ये पोहोचलो. गाडी अजून लिफ्टवर चढलेली नव्हती. सर्व्हिस अॅडव्हायझरने दार उघडून वास घेतला आणि जॉब कार्डवर लिहिले: क्लच बर्न, ड्रायव्हिंग हॅबिट. १४,६०० रुपयांचे एस्टिमेट काढले आणि सहीसाठी कागद पुढे केला. क्लच हा झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत बसत नाही, असे सांगितले. मग सहज विचारल्यासारखे विचारले, ‘‘गाडी मॅडम चालवतात का?’’

गाडी आम्ही दोघेही चालवतो. घाटात त्या दिवशी स्टिअरिंगवर मॅडम नव्हत्या, साहेब होते. तसे सांगितल्यावर अॅडव्हायझर म्हणाला, ‘‘पण रोज शहरात मॅडम चालवत असतील ना? मग बरोबर. लेडीजचा पाय क्लचवरच असतो.’’

आम्ही सही केली नाही. त्याऐवजी जॉब कार्डवरची ओळ बदलून मागितली. तक्रारीच्या जागी फक्त घडले ते लिहा: चढणीवर गाडी ओढत नाही, इंजिनाचा वेग वाढतो, जळका वास येतो. कारणाच्या जागी लिहा: तपासणीनंतर. थोडी कुरकुर झाली, पण ओळ बदलली. त्याखाली आम्ही आमच्या हाताने लिहिले की गिअरबॉक्स उतरवला जाईल तेव्हा आम्ही हजर राहू आणि काढलेले भाग आम्हाला दाखवल्याशिवाय टाकून देऊ नयेत. मग सही केली आणि कागदाचा फोटो काढून घेतला.

वर्कशॉपमधला तो प्रश्न मात्र आमच्या आधी घरी पोहोचला होता. बातमी लग्नघरात गेली, तिथून सगळ्या नात्यात. फोन येऊ लागले. कुणी म्हणाले, नव्या गाडीचा क्लच असा जातोच कसा, काहीतरी चालवण्यातच असणार. कुणी म्हणाले, बायकांच्या हाती गिअरची गाडी द्यायचीच कशाला, ऑटोमॅटिक घ्यायची होती. एका मामूंनी तर क्लच कसा वापरावा हे वीस मिनिटे समजावले. त्यांच्या स्वतःच्या गाडीचा क्लच दोनदा बदललेला आहे. बोलणारे सगळे आपलेच, बोलणेही काळजीपोटी. पण आमच्यापैकी ज्यांच्याविषयी हे चालले होते, त्यांनी तिसऱ्या दिवशी चावी खुंटीवर टांगली आणि सांगितले की गाडी दुरुस्त होऊन आली तरी आता शाळेला बसनेच जाऊ. आमची मुलगी नववीत आहे. ती हे सगळे ऐकत होती. संध्याकाळी तिने विचारले, ‘‘अम्मी, मग मी शिकू की नको?’’

पैशांचे नुकसान कधी ना कधी भरून निघते. हा प्रश्न तसा नव्हता. एखाद्या वस्तूचा दोष तपासणीआधीच माणसावर टाकला की तो घरात राहायला येतो आणि ज्याचे घरात कमी चालते त्याच्याकडे जाऊन बसतो. शाळेत आम्ही हे रोज पाहतो. फळा खराब झाला, काच फुटली की वर्गातल्या एका ठरावीक मुलाकडेच सगळ्यांच्या नजरा वळतात. त्याने केले असेलही. पण नजरा वळल्या म्हणून ते सिद्ध होत नाही.

यात अब्बांची फार मदत झाली. अब्बांनी ३१ वर्षे एस.टी.त ड्रायव्हर म्हणून काढली. सुनेला गाडी त्यांनीच शिकवली. क्लच प्लेट लवकर गेली की पहिला जाब ड्रायव्हरला, हे त्यांनी डेपोत अनुभवलेले. ते फोनवर कुणाशी वाद घालत बसले नाहीत. ज्याचा फोन येई त्याला एकच सांगत, ‘‘प्लेट खाली उतरू दे. प्लेट बघितल्याशिवाय कुणाच्या पायाला नाव ठेवायचं नाही.’’

प्लेट उघडली तेव्हा

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघे आणि अब्बा वर्कशॉपमध्ये गेलो. गाडी लिफ्टवर होती. गिअरबॉक्स उतरवायला दोन मेकॅनिकना तास-दीड तास लागला. क्लच उघडला तेव्हा अब्बा सगळ्यांच्या पुढे होते.

हाफ क्लचने जळालेली प्लेट कशी असते, हे त्यांनी आम्हाला आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते. अस्तर झिजून पातळ होते, रिव्हेटची डोकी वर येतात, पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो, फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे डाग पडतात. आमच्या प्लेटचे अस्तर जवळजवळ पूर्ण जाडीचे होते. रिव्हेट खोल आत होते. पृष्ठभाग मात्र काळा, ओला आणि बुळबुळीत होता. आतल्या घरट्यात ऑइलचे शिंतोडे गोल फेकले गेलेले होते आणि खाली काळा चिकटा साचला होता. अब्बांनी बोट फिरवून अॅडव्हायझरसमोर धरले. बोलले काहीच नाहीत.

बोलले ते वर्कशॉपचे मॅनेजर. त्यांनी स्वतः टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागच्या बाजूचे सील दाखवले. ऑइल तिथूनच उतरत होते. ‘‘हे चालवण्यातलं नाही. सील गळलंय,’’ असे त्यांनी आमच्यासमोर सांगितले आणि जॉब कार्डवर लिहूनही दिले. एवढा प्रामाणिकपणा दाखवल्याबद्दल त्यांचे आम्ही तिथेच आभार मानले. प्रत्येक भागाचे फोटो काढले. प्लेटचा फोटो घेताना बाजूला मीटर आणि नंबरप्लेटही दिसेल असे एक-दोन फोटो घेतले.

गाडीबरोबर मिळालेली वॉरंटीची पुस्तिका आम्ही मधल्या काळात ओळ न ओळ वाचली होती. क्लच प्लेटची ‘नेहमीची झीज’ वॉरंटीत धरली जाणार नाही, असे तिच्यात होते. पण इंजिनाचे सील वॉरंटीत होते आणि साहित्यातला किंवा बनावटीतला दोष कंपनी दुरुस्त करील, असेही होते. आमचे म्हणणे साधे होते. गळले ते सील वॉरंटीतले. प्लेट भिजली ती त्या गळतीमुळे. मग यात नेहमीची झीज कुठे आली? कंपनीची मंजुरी यायला नऊ दिवस लागले. भाग मोफत मिळाले, पण मजुरीचे ३,८०० रुपये मागितले. आम्ही कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल केला. सोबत जॉब कार्ड आणि फोटो जोडले. मजुरी कोणत्या कलमाखाली लावली आहे ते लेखी कळवावे, एवढीच विनंती केली. चार दिवसांत मजुरी माफ झाल्याचा फोन आला. आम्ही तेही ई-मेलवर मागून घेतले. सील, प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी बसून गाडी तेविसाव्या दिवशी घरी आली. टॅक्सीचे साडेतीन हजार आम्हालाच सोसावे लागले.

कायदा काय देतो

आमचे काम पत्रांवर भागले. सर्वांचेच भागेल असे नाही, म्हणून पुढची वाटही माहीत असावी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूतला दोष आणि सेवेतली उणीव, दोन्हींबद्दल त्यात दाद मागता येते. पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ती मोफत आहे आणि बऱ्याच कंपन्या इथेच तडजोडीला तयार होतात. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूची दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये फी आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

नव्या कायद्यातली एक सोय आपल्यासारख्यांच्या फार कामाची आहे. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी आपण जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. वस्तूची तपासणी केल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी तक्रारदाराला भरावी लागू शकते. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ जातो, याची मनाची तयारी ठेवावी.

मागणी काय करावी, हेही महत्त्वाचे. रागाच्या भरात ‘गाडीच बदलून द्या’ म्हणावेसे वाटते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या प्रकरणात असे म्हटले आहे की, दोष असलेला भाग बदलून काम होत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. म्हणून भाग बदलणे, मजुरी, गाडी नसल्यामुळे झालेला खर्च आणि मनस्ताप यांची मोजकी, हिशेबासह मागणी केलेली बरी. तोच दोष पुन्हा पुन्हा येत राहिला तर गोष्ट वेगळी.

बाहेरच्या गॅरेजविषयीही एक गैरसमज आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्ती यांवरच्या मक्तेदारीवरून १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, असेही त्या आदेशात होते. तरीही घाटातल्या त्या गॅरेजवाल्याचा सल्ला योग्यच होता. ज्या भागावरून वाद होणार आहे, तो दुसऱ्या कुणी आधी उघडला की पुरावा गढूळ होतो. पंक्चर, बॅटरी खुशाल बाहेर करावी. वॉरंटीतला क्लच किंवा गिअरबॉक्स मात्र अधिकृत जागी आणि आपल्या डोळ्यांसमोरच उघडू द्यावा.

गाडी असलेल्या घरांसाठी

क्लच घसरतो आहे की नाही, हे सपाट आणि मोकळ्या जागी पाहता येते. पुढे-मागे कुणी नाही याची खात्री करावी, हँडब्रेक घट्ट ओढावा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकावी आणि क्लच सावकाश सोडावा. चांगला क्लच असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडते. क्लच पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिले तर तो घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर चांगला क्लचही तापेल. चालताना घसरतो आहे असे लक्षात आले तर गाडी रेटू नये. प्लेटबरोबर फ्लायव्हीलही खराब होऊन खर्च दुप्पट होऊ शकतो.

चालवण्याच्या सवयी पुरुष-स्त्री दोघांनाही सारख्याच लागू आहेत. पाय क्लचवर टेकवून ठेवू नये. सिग्नलला गाडी न्यूट्रल करावी. चढणीवर थांबताना हँडब्रेक वापरावा. गाडी नेहमी पहिल्या गिअरवर उचलावी. सर्व्हिसिंगची बिले तारीखवार एका फाइलमध्ये ठेवावीत. वादाच्या वेळी पहिला प्रश्न त्यांचाच येतो.

वर्कशॉपमध्ये गेलात तर चार गोष्टी विसरू नका. जॉब कार्डवर लक्षणे लिहून घ्या, तपासणीआधी कारण लिहू देऊ नका. भाग उघडताना हजर राहा आणि फोटो काढा. वॉरंटी नाकारली तर कोणत्या कलमाखाली नाकारली ते लेखी मागा. फोनवर झालेले प्रत्येक बोलणे त्याच दिवशी ई-मेलने पक्के करा. आवाज चढवण्याची गरज पडत नाही. आमच्या सगळ्या प्रकरणात कुणीही कुणाशी भांडले नाही.

आणि पाचवी गोष्ट घरातली. गाडी बिघडली की नातलगांचे फोन येणारच. त्यांना सांगा की तपासणी व्हायची आहे, झाली की कळवू. तपासणीत चालवण्यातलाच दोष निघाला तर तोही मान्य करा आणि सवय बदला. नाही निघाला तर ज्यांनी ज्यांनी नावे ठेवली होती, त्यांनाही तो निकाल आठवणीने कळवा. अब्बांनी प्लेटचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली फक्त लिहिले: ‘सील गळले होते.’ मामूंचा फोन त्याच रात्री आला आणि या वेळी तो सुनेसाठी होता. चावी खुंटीवरून निघाली. मुलीचे अठरा पूर्ण व्हायला अजून वेळ आहे, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले आहे.

आपल्याकडे गाडी असेल तर आज रात्री एवढेच करा. डॅशबोर्डच्या कप्प्यातून वॉरंटीची पुस्तिका काढा आणि कोणता भाग किती काळ, किती किलोमीटरपर्यंत वॉरंटीत आहे, ते पान घरातल्या सर्व चालवणाऱ्यांनी मिळून वाचा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. घाटात रेंज नसते, पण फोटो उघडतो.